सैतानाच्या पोराची छापील कुंडली: विस्मरणात गेलेल्या कॉमिक्स-पात्राचा प्रकाशन-इतिहास कसा शोधावा

डेमन हेलस्ट्रॉम हा सैतानाचा मुलगा. बापाशी हाडवैर, पण अंगातली ताकद बापाकडूनच आलेली. उघड्या छातीवर पंचकोनी तारा, हातात त्रिशूळ, तीन राक्षसी घोड्यांचा आकाशातून धावणारा रथ. लोकांच्या अंगातली भुतं उतरवणं हा त्याचा धंदा. त्याला नायक म्हणावं तर जीभ अडखळते आणि खलनायक म्हणावं तर अन्याय होतो. अमेरिकेतल्या मार्व्हल कंपनीने १९७३ साली ‘सन ऑफ सेटन’ म्हणजे ‘सैतानाचा मुलगा’ या नावाने त्याला बाजारात आणला. स्पायडरमॅन घराघरात पोहोचला, हा मात्र पोहोचला नाही.

असल्या पात्राचा इतिहास शोधायला बसलं की पहिल्या तासाभरातच घोळ होतो. इंटरनेटवर मिळणारी माहिती बहुतेक वेळा त्याचं ‘चरित्र’ सांगते: आई कोण, बाप कोण, लग्न कुणाशी झालं. पण तो कधी छापला गेला, कुणी लिहिला, कशामुळे बंद पडला आणि परत का आला, हे वेगळं काम आहे. ते कसं करायचं ते डेमनचंच उदाहरण घेऊन सांगतो. हीच रीत दुसऱ्या कुठल्याही आडबाजूच्या पात्राला लावता येईल.

पहिली पायरी: वहीत दोन रकाने

आधी एक वही घ्या. संगणकावरचा तक्ता चालेल, पण मला वहीच बरी वाटते, कारण खोडलेलं दिसतं. एका बाजूला ‘कथेतला काळ’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छापखान्यातला काळ’ लिहा. या दोन्हींची सरमिसळ हे सगळ्या चुकांचं मूळ.

उदाहरणच देतो. सुरुवातीच्या गोष्टींत डेमनचा बाप खुद्द सैतान आहे, त्यात कुठे आडपडदा नाही. पुढे कंपनीच्या मजकुरात तो बाप म्हणजे मार्दुक क्युरिओस नावाचा एक नरकाधिपती असं ठरवलं गेलं. चरित्र सांगणारा माणूस पहिल्याच ओळीत ‘मार्दुक क्युरिओसचा मुलगा’ लिहून मोकळा होतो. पण १९७३ च्या वाचकाला हे नाव ठाऊकच नव्हतं. त्याने वीस सेंट मोजले ते सैतानाच्या पोरासाठी. ही दुरुस्ती कथेच्या रकान्यात जाईल आणि तिच्यापुढे ती कुठल्या अंकात छापली गेली याची नोंद येईल.

छापखान्याच्या रकान्यात प्रत्येक नोंदीला सहा गोष्टी हव्यात: मासिकाचं नाव, अंक क्रमांक, मुखपृष्ठावरचा महिना, लेखक, चित्रकार आणि ‘मी हे कुठे पाहिलं’. सहावी गोष्ट बहुतेक जण गाळतात. मूळ अंक हातात घेऊन पाहिला, की पुनर्मुद्रण पाहिलं, की कुणीतरी लिहिलेलं वाचलं, हे ज्याचं त्याने प्रामाणिकपणे लिहावं. वर्षभराने स्वतःच्याच नोंदीवर किती विश्वास ठेवायचा ते यावरूनच कळतं.

दुसरी पायरी: नावाची सगळी रूपं

इंग्रजी स्पेलिंग इथे फार छळतं. मूळ आडनाव हेलस्ट्रॉम, त्यात ‘एल’ दोन. १९९३ ला त्याचं ‘हेलस्टॉर्म’ झालं, म्हणजे आडनावातल्या अक्षरांची जागा बदलून वादळ तयार केलं. २०२० च्या हुलू या इंटरनेट-वाहिनीवरच्या मालिकेत पुन्हा ‘हेलस्ट्रॉम’, पण ‘एल’ एकच. शिवाय डेमन या नावाच्या स्पेलिंगमध्ये ‘ए’नंतर ‘आय’ येतो, तो विसरलात की भलतेच लोक समोर येतात. शोध घेताना ही सगळी रूपं आणि ‘सन ऑफ सेटन’ हे शीर्षक वेगवेगळं टाकून पाहा.

तिसरी पायरी: पहिलं दर्शन नेमकं कुठलं?

विक्रेते, संग्राहक आणि विश्वकोश यांचं इथे कधीच एकमत होत नाही, कारण ‘पहिलं’ या शब्दाला पैसे लागलेले असतात.

डेमनची पहिली झलक ‘घोस्ट रायडर’च्या अंक १ मध्ये आहे, मुखपृष्ठावर सप्टेंबर १९७३. अंक २ मध्ये ती गोष्ट पुढे सरकते. आणि ‘मार्व्हल स्पॉटलाइट’च्या अंक १२ मध्ये, ऑक्टोबर १९७३, तो पहिल्यांदा स्वतःच्या नावाच्या पाटीखाली येतो. तिन्ही नोंदी ठेवा आणि प्रत्येकीपुढे ‘झलक’, ‘दुवा’, ‘स्वतःची कथा’ असं लिहा. एकच खरी आणि बाकी खोट्या असं ठरवायचं काम विक्रेत्यांना करू द्या.

आता महिन्याबद्दल. अमेरिकन कॉमिक्सच्या मुखपृष्ठावरचा महिना हा विक्रीचा महिना नसतो. अंक त्याआधी साधारण दोन ते तीन महिने दुकानात लागायचा. छापलेला महिना दुकानदाराला सांगायचा की आता हा अंक मांडणीवरून काढायला हरकत नाही. आपल्याकडे जूनचा अंक जूनमध्ये आला नाही तर वाचक संपादकाला पत्र टाकतो, तिकडे तो मार्च-एप्रिलमध्येच आलेला असतो. म्हणजे ऑक्टोबर १९७३ चा अंक त्या उन्हाळ्यातच लोकांच्या हातात होता.

या एका माहितीने एक मोठी दंतकथा पडते. ‘द एक्झॉर्सिस्ट’ या सिनेमाच्या लाटेवर मार्व्हलने भुतं उतरवणारा नायक काढला, असं सर्रास सांगितलं जातं. सिनेमा प्रदर्शित झाला २६ डिसेंबर १९७३ ला. तोवर डेमनचे अंक विकून झाले होते. सिनेमा ज्या कादंबरीवर आहे ती १९७१ ची, तेव्हा हवेत तो विषय होता असं म्हणायला जागा आहे. सिनेमामुळे पात्राचं पुढे बरं चाललं असेल, हेही म्हणता येईल. पण सिनेमामुळे पात्र जन्मलं हे तारखेच्या हिशेबात बसत नाही.

विक्रीची नेमकी तारीख हवी असेल तर दोन वाटा आहेत. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाच्या जुन्या छापील सूचींत नियतकालिकांच्या प्रकाशनाच्या तारखा असतात, त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती इंटरनेटवर आहेत. आणि ग्रँड कॉमिक्स डेटाबेस. हा १९९४ पासून स्वयंसेवकांनी उभा केलेला, कुणाच्या नफ्यासाठी न चालणारा साठा आहे. तिथे प्रत्येक अंकातल्या प्रत्येक कथेची पानं, लेखक, चित्रकार, शाईकाम करणारा अशी नोंद सापडते. मी दिवसाची सुरुवात तिथून करतो, पण शेवट तिथे करत नाही.

चौथी पायरी: त्या वर्षीचे नियम वाचा

अमेरिकेत १९५४ पासून कॉमिक्स कोड नावाची आचारसंहिता होती. सरकारी नव्हती, प्रकाशकांनीच स्वतःवर लादून घेतलेली. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात तिचा शिक्का नसेल तर वितरक अंक उचलायला का-कू करायचे. चालती प्रेतं, रक्तपिपासू, नरभक्षण, लांडगामाणूस यांवर बंदी होती. गंमत म्हणजे त्या यादीत सैतानाचं नाव नव्हतं! पण रक्तपिपासूलाच दार बंद असताना सैतानाला कोण हात लावणार?

१९७१ मध्ये संहिता सैल झाली. ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन यांच्यासारख्या नावाजलेल्या साहित्याच्या परंपरेत बसत असतील तर रक्तपिपासू आणि लांडगामाणूस चालतील, असं ठरलं. त्याच वर्षी स्पायडरमॅनचे ९६ ते ९८ हे तीन अंक अमली पदार्थांच्या कथेमुळे शिक्क्याशिवाय निघाले होते आणि विकलेही गेले होते. मग धरण फुटलं. ऑक्टोबर १९७१ ला मॉर्बियस हा रक्तपिपासू, फेब्रुवारी १९७२ ला ‘वेअरवुल्फ बाय नाइट’, एप्रिलला ‘टूम ऑफ ड्रॅक्युला’, ऑगस्टला घोस्ट रायडर. ही माळ वहीत ओळीने लिहून काढली की सैतानाचा पोरगा आकाशातून पडला नाही हे दिसतं. तो रांगेत उभा होता.

चालत्या प्रेताला मात्र तेव्हा परवानगी मिळाली नाही. म्हणून मार्व्हलने रंगीत अंकांत ‘झॉम्बी’ऐवजी ‘झुवेंबी’ असा शब्द वापरला. आपल्याकडे ग्रहण पाळताना काढतात तशी ही पळवाट.

दुसरी पळवाट जास्त कामाची. कृष्णधवल, मोठ्या आकाराची मासिकं कोडच्या कक्षेबाहेर होती. डेमनची बहीण सटाना तिथेच जन्मली: ‘व्हँपायर टेल्स’ अंक २, ऑक्टोबर १९७३, लेखक रॉय थॉमस, चित्रकार जॉन रोमिता. भाऊ शिक्क्याच्या घरात, बहीण बिनशिक्क्याच्या, महिना तोच. तुमच्या पात्राच्या आसपास अशी दोन घरं आहेत का हे नक्की तपासा. फक्त रंगीत अंकांची यादी करणाऱ्याच्या हातून अर्धं कुटुंब निसटतं.

पाचवी पायरी: ‘निर्माता’ या शब्दाचे तुकडे करा

डेमन कुणी निर्माण केला? छोटं उत्तर: लेखक गॅरी फ्रेडरिक, चित्रकार हर्ब ट्रिंपे. अंक १२ त्यांचा. फ्रेडरिक घोस्ट रायडरच्या मुळाशीही होता आणि ट्रिंपे ‘हल्क’साठी ओळखला जायचा.

पण रॉय थॉमस सांगतो ती हकीकत अशी. स्टॅन ली तेव्हा प्रकाशक होता. ड्रॅक्युला आणि घोस्ट रायडर चालले, तर आता थेट सैतानालाच नायक करून मासिक काढू, नाव ‘द मार्क ऑफ सेटन’, असं त्याच्या मनात आलं. मुख्य संपादक असलेल्या थॉमसला हे फार झालं असं वाटलं. त्याने सुचवलं, बापाऐवजी मुलगा घ्या. लीने ऐकलं.

म्हणजे कल्पना एकाची, वळण दुसऱ्याचं, शब्द तिसऱ्याचे, रूप चौथ्याचं. वहीत ‘निर्माता’ असा एकच रकाना ठेवला तर यातले दोघं गळतात. आणखी एक सावधगिरी: अशा हकीकती मुलाखतीतून, बऱ्याच वर्षांनी आलेल्या असतात. अंकावर छापलेलं श्रेय आणि मागाहून सांगितलेली आठवण वेगळ्या शाईत लिहा.

आणि जन्म देणारा तोच वाढवणारा असेल असं धरू नका. अंक १४ पासून स्टीव्ह गर्बर आला. हाच पुढे ‘हॉवर्ड द डक’मुळे गाजला. त्याने डेमनला सेंट लुईस शहरात, विद्यापीठाच्या आवारात, परामानसशास्त्र शिकवणाऱ्या कॅथरीन रेनॉल्ड्सच्या सोबत आणून सोडला. माझ्या मते डेमन ‘पात्र’ झाला तो इथे. त्याआधी तो पोशाख होता. १८ आणि १९ या अंकांत जीन कोलनची चित्रं आहेत. अंधार काढावा तर या माणसाने.

सहावी पायरी: अंकांची बेरीज जुळवा

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण हिशेबनिसाच्या या कामातच चुका सापडतात.

‘मार्व्हल स्पॉटलाइट’ हे चाचणीचं मासिक होतं. नवं पात्र तिथे उभं करायचं, चाललं तर त्याला स्वतःचं घर द्यायचं. डेमन अंक १२ ते २४ पर्यंत तिथे राहिला: ऑक्टोबर १९७३ ते ऑक्टोबर १९७५, तेरा अंक. दोन वर्षांत तेरा म्हणजे साधारण दर दोन महिन्यांनी एक. मग डिसेंबर १९७५ ला ‘द सन ऑफ सेटन’ अंक १ निघाला, लेखक जॉन वॉर्नर, चित्रं जिम मूनीची. शेवटचा अंक ८, फेब्रुवारी १९७७. मोजून पाहा: डिसेंबर, फेब्रुवारी, एप्रिल, जून, ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर, फेब्रुवारी. आठ. एकही महिना चुकला नाही. याचा अर्थ मालिका रखडत, अडखळत मेली नाही. वेळापत्रकावर चालत असतानाच थांबवली गेली. अंक ८ वर बिल मँटलो आणि रस हीथ अशी वेगळीच जोडी दिसते. शेवटच्या अंकावर परकी नावं दिसली की घरात आवराआवर चालू होती असं समजावं.

आकडे लिहिताना मासिकाचा खंडही लिहा. ‘मार्व्हल स्पॉटलाइट’ १९७७ ला बंद पडलं आणि १९७९ ला पुन्हा अंक १ पासून सुरू झालं. नुसतं ‘स्पॉटलाइट ५’ लिहिलंत तर वाचणाऱ्याने कुठलं धरायचं?

ज्या मासिकात सापडेल तिथे वर्षातून एकदा छापलं जाणारं मालकीचं निवेदन पाहा. टपालाच्या सवलतीसाठी प्रकाशकाला ते छापावं लागे. त्यात सरासरी किती प्रती छापल्या, किती खपल्या याचे आकडे असतात. ते आदल्या वर्षाचे असतात हे विसरू नका.

सातवी पायरी: पाहुणेपणाची वर्षं

स्वतःची मालिका गेली की पात्र पाहुणं होतं. ही वर्षं कुणीच नीट नोंदवत नाही. डेमन तर मालिका चालू असतानाही बाहेर जेवत होता: ‘जायंट-साइझ डिफेंडर्स’ २ (ऑक्टोबर १९७४), ‘मार्व्हल टीम-अप’ ३२ (एप्रिल १९७५), ‘मार्व्हल टू-इन-वन’ १४ (मार्च १९७६).

१९८१ पासून ‘डिफेंडर्स’ या मासिकात मात्र भटाला दिली ओसरी असं झालं. अंक ९२ पासून जे. एम. डीमॅटिस लिहू लागला आणि ९४ ते १०० या अंकांतल्या सहा बोटांच्या हाताच्या कथेत सैतानाचा पोरगा केंद्राशी आला. नोव्हेंबर १९८३ ला, अंक १२५ मध्ये, त्याचं पॅट्सी वॉकर ऊर्फ हेलकॅटशी लग्न लागलं.

नवरीकडची वंशावळ पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. पॅट्सी १९४४ ची. ती ‘मिस अमेरिका मॅगझिन’मध्ये शाळकरी मुलींच्या हलक्याफुलक्या गोष्टींची नायिका होती. १९७६ च्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’ १४४ मध्ये तिने हेलकॅटचा पोशाख चढवला. मुलींच्या मासिकातली गोड मुलगी चाळीसेक वर्षांनी सैतानाची सून होते, हे कुठल्याही एका लेखकाने ठरवलेलं नव्हतं. दर वेळी कुणाला तरी कपाटात पडलेलं जुनं पात्र हाती लागलं, एवढंच.

आठवी पायरी: पुनरागमनं

प्रत्येक पुनरागमनापुढे एकच प्रश्न लिहा: आत्ताच का? १९९० ला घोस्ट रायडरची नवी मालिका तुफान चालली, १९९२ ला मार्व्हलने भुताखेतांच्या मासिकांचा गटच काढला, आणि त्या वाऱ्यावर एप्रिल १९९३ ला ‘हेलस्टॉर्म: प्रिन्स ऑफ लाइज’ आलं. डिसेंबर १९९४ पर्यंत दरमहा, २१ अंक. स्पॉटलाइटचे तेरा आणि स्वतःच्या मालिकेचे आठ यांची बेरीजही २१ होते. योगायोगच, पण वहीत लिहिताना मजा वाटते. राफाएल निएवेसने सुरुवात केली. अंक १२ पासून वॉरन एलिस लिहू लागला, पुढे लिओनार्दो मांकोची चित्रं आली आणि मालिकेचा रंगच पालटला. एलिसची ही अमेरिकेतली सुरुवातीची कामं, म्हणून तेवढेच अंक आज जास्त वाचले जातात.

२००६-०७ मध्ये प्रौढांसाठीच्या ‘मॅक्स’ शिक्क्याखाली पाच अंक निघाले, लेखक अलेक्झांडर अर्व्हाइन, पार्श्वभूमी न्यू ऑर्लिन्सची. १६ ऑक्टोबर २०२० ला हुलूवर दहा भागांची मालिका आली आणि डिसेंबरमध्ये ती रद्द झाल्याचं जाहीर झालं.

नववी पायरी: वाचायचं काय, विकत घ्यायचं काय

भारतात बसून मूळ अंक मिळवणं खर्चाचं आहे. अंकापेक्षा टपाल महाग पडतं. तेव्हा आधी संकलनं. ‘इसेन्शियल मार्व्हल हॉरर’चा पहिला खंड (२००६) कृष्णधवल आहे, पण त्यात डेमन आणि सटाना दोघांच्या सत्तरच्या दशकातल्या कथा एकत्र आहेत. रंग हवा असेल तर ‘सन ऑफ सेटन क्लासिक’ (२०१६). एलिसच्या अंकांचं जाडजूड संकलन २०१८ चं. संकलनात पत्रव्यवहाराची पानं, जाहिराती, मालकीचं निवेदन सहसा नसतं, म्हणून सहाव्या पायरीसाठी एखादा तरी मूळ अंक लागतोच.

मूळ अंक घेताना तीन गोष्टी पाहा. एक, किंमत: ब्रिटनसाठीच्या प्रतींवर पेन्समध्ये छापलेली असते, आणि एप्रिल ते ऑगस्ट १९७६ च्या काही मार्व्हल अंकांच्या थोड्या प्रती चाचणी म्हणून २५ ऐवजी ३० सेंट छापून विकल्या गेल्या, त्या आज कितीतरी महाग आहेत. दुसरं, विक्रेता भाव कशाचा लावतोय? ‘मार्व्हल प्रीव्ह्यू’चा अंक ७ सटानाच्या कथेसाठी शोधाल तर भाव पाहून डोळे फिरतील, कारण त्याच अंकात ‘गार्डियन्स ऑफ द गॅलॅक्सी’वाल्या रॉकेट रकूनचं पहिलं दर्शन आहे. कथा हवी असेल तर संकलनातच वाचा.

तिसरं, तिकिटं. १९७४-७५ मध्ये मार्व्हल पत्रांच्या पानावर एक छोटं चौकोनी चित्र छापायचं. वाचकांनी ते कापून वहीत चिकटवावं आणि संच पुरा करावा, अशी योजना होती. पोरांनी इमानेइतबारे कापली. विक्रेत्याला आधीच विचारा: पत्रांच्या पानाचा फोटो पाठवा. मी विचारलं नव्हतं. माझ्याकडे आलेल्या स्पॉटलाइटच्या अंकात पत्रांच्या पानाला टपाल तिकिटाएवढी खिडकी आहे आणि तिच्यातून मागच्या जाहिरातीतल्या कुणा पहिलवानाचा दंड दिसतो. वहीच्या सहाव्या रकान्यात लिहिलंय: ‘मूळ अंक पाहिला. दंडासह.’